कोणती पाळी?

"आमच्याकडे बोलतो की!" म्हणत बाबांनी हात वर केला आणि चांगले उभेच राहिले.

शाळेच्या हॉलमध्ये एका बाजूला आईबाप बसले होते, दुसऱ्या बाजूला नववीतली मुलंमुली. मध्ये माइक घेतलेल्या नर्सबाई. घरात पाळीबद्दल मोकळेपणानं कोण बोलतं, असं त्यांनी विचारलं होतं आणि झाडून सगळे आईबाप आपापल्या चपलांकडे बघत होते. बाबा कारखान्यातून तडक आलेले, तेही उशिरा. सभा कसली आहे याचा पत्ताच नव्हता. पण लेकीच्या शाळेत कुणी काही विचारलं आणि आपण गप्प बसलो, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

"दर सोमवारी बदलते," ते खुलून सांगू लागले. "या आठवड्यात पहिली आहे. दुसरीही एक वेळ चालते, पण रात्रीची आली की जीव नकोसा होतो बघा! तशी साहेबांना सांगून बदलूनही मिळते."

हॉल असा काही हसला की खिडक्या वाजल्या. पलीकडे ठकीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, डोकं बाकावर टेकवलं ते वर केलंच नाही.

"दादा, कामाची पाळी नव्हे हो," नर्सबाई हसू आवरत म्हणाल्या. "मुलींची मासिक पाळी म्हणतेय मी."

बाबा लालबुंद झाले. दुसरा कुणी असता तर मटकन खाली बसला असता. तेही बसायला वाकले होते, पण समोर लेकीची झुकलेली मान दिसली आणि ते तसेच थांबले.

"मग ती मला कळत नाही, बाई," ते म्हणाले. "हिची आई गेली तेव्हा ही एवढीशी होती. मी स्वयंपाक शिकलो, वेणी घालायला शिकलो. हे मात्र कुणी शिकवलंच नाही. दर महिन्याला पोर पोट धरून पडते, शाळा बुडते. काय होतंय विचारलं की म्हणते, काही नाही. मी आपलं पोट साफ व्हायचं चूर्ण देतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेतल्या एका आईनं वळून असं काही पाहिलं की हसणाऱ्याची बोलतीच बंद झाली.

"शाळा बुडावी इतकं दुखणं मुकाट्यानं सोसायचं नसतं, दादा," नर्सबाई म्हणाल्या. "गरम पाण्याच्या पिशवीनं बरं वाटतं, औषधंही आहेत. पण आधी डॉक्टरांना दाखवा. आणि ते चूर्ण बंद!"

"माझ्या मुलीचंही असंच होतं," ती पुढच्या रांगेतली आई हळूच म्हणाली. "मी तिलाच गप्प बसवत आले."

मग एका मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून वयात येणाऱ्या मुलग्यांबद्दल विचारलं. त्यांच्या मागून दुसऱ्यानं. हॉल बोलका झाला, पण बाबांचं निम्मं लक्ष बाकावरच्या त्या डोक्याकडे होतं.

घरी जाताना ठकी चार पावलं पुढे चालत होती.

"ठके, चुकलंच माझं. सगळ्यांसमोर तुझी शोभा केली."

ती चालतच राहिली. आता ही आपल्याशी कधी मोकळेपणानं बोलणारच नाही, असं बाबांना वाटलं. सिग्नलपाशी ती थांबली. ते शेजारी येईपर्यंत रस्ता ओलांडेना.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?" तिनं सिग्नलकडे बघतच विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा. उद्या जाऊ, मी खाडा करतो."

"फार दुखतं हो बाबा. कितीदा सांगणार होते, पण तोंडच उघडायचं नाही."

त्या नर्सबाईंचं भलं होवो, बाबांच्या मनात आलं, आणि हसणाऱ्यांचंही होवो.

"उद्या तुम्ही बाहेर बसून राहू नका हं," ठकी म्हणाली. "माझ्याबरोबर आत या. मला सगळं नाही सांगता आलं तर तुम्ही सांगा."

बाबांना बरंच काही बोलायचं होतं.

"येतो," एवढंच बोलता आलं.