दिवा लागला की

वेळापत्रकाचा नवा नमुना दाखवायला मी सगळ्यांसमोर टर्मिनल उघडलं. आठ-दहा सेकंद गेले, आणि भिंतीवरच्या पडद्यावर अचानक माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या, चांगल्या चार फूट उंच. एका हातावर माझी लेक, पिल्लू, दुसऱ्या हातात कागद. कागदावर ठळक, गोल अक्षरांत लिहिलं होतं : ‘९.४० ला शी झाली. भरपूर. रंग उत्तम. काळजी नसावी.’

खोलीत अकरा माणसं होती. त्यातली सहा बस डेपोची. डेपोच्या मॅनेजरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं सावकाश वाचलं आणि म्हणाले, “चला, नऊ चाळीसची तरी वेळेवर सुटली.”

पुढची दोन मिनिटं सगळी खोली हसत होती. आमचा टीम लीडर, ज्याला आम्ही पाठीमागे मुकादम म्हणतो, तोही डोळे पुसत होता. “अहो मॅडम, हा थांबा कुठल्या मार्गावर येतो?” डेपोतल्या एकाने विचारलं. मी खिडकी बंद केली. कानशिलं तापली होती खरी, पण पोटात मात्र एकदम हलकं वाटलं. दोन दिवस पिल्लूला शी झाली नव्हती. सकाळी मी त्याच काळजीत घराबाहेर पडले होते.

हे झालं कसं, ते सांगते. माझं काम दिवसभर टर्मिनलवर, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतात तिथे. लांबलचक आज्ञा पुन्हा पुन्हा लिहायला नकोत म्हणून आम्ही त्यांना छोटी टोपणनावं देतो. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले, त्या दिवशी मी एक नवं टोपणनाव तयार केलं : ‘पिल्लू’. ते टाइप केलं की घरच्या कपाटावरचा कॅमेरा एक फोटो काढून मला पाठवायचा. दुपारपर्यंत मी ते इतक्यांदा टाइप केलं, की मुकादम मागून जाताना स्क्रीन झाकायची वेळ आली. मग मी शहाणपणा केला. खिडकी उघडली की संगणक आधी एक फाईल वाचतो. त्या फाईलच्या शेवटच्या ओळीत मी ‘पिल्लू’ लिहून टाकलं. झालं. आता मला काही करायलाच नको. खिडकी उघडली की फोटो हजर. आणि दिवसाला मी तीस-चाळीस खिडक्या तरी उघडते.

प्रत्येक फोटोत सासूबाई उभ्या असायच्या. पाळण्याशी, नाहीतर पिल्लूला कडेवर घेऊन. मागची वेताची खुर्ची कायम रिकामी. तीन आठवडे मी ती रिकामी खुर्ची बघत होते आणि मनात म्हणत होते, या बाई बसतात तरी कधी? थोडी असूयाही वाटायची. मी आई असून इतका वेळ उभी राहिले नसते.

त्याच तीन आठवड्यांत त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. मी जिन्याला दोष दिला, पट्टा आणला, शेकायची पिशवी आणली. हा गुडघा बोलला तर माझी नोकरी गेली, हा हिशेब मी आंघोळ करतानासुद्धा करायचे. पाळणाघराला नवऱ्याची ना नव्हती. माझीच छाती होत नव्हती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई पलंगावर पाय लांब करून शेकत बसल्या होत्या. पिल्लू शेजारी पालथं पडून पिशवीचं कव्हर चाटत होतं.

“आई, कागद कशाला धरलात हो? अकरा जणांनी वाचला.”

“वाचू दे की. वाईट काय लिहिलं होतं?” त्यांनी कव्हर काढून घेतलं. “सकाळी तोंड एवढंसं करून गेलीस. म्हटलं, आता दिवा लागला की आधी हेच सांगून टाकावं.”

“कुठला दिवा?”

“कॅमेऱ्याचा. लाल लागतो ना, तू बघतेस तेव्हा. आज अडतीसदा लागला. परवा एक्केचाळीस.”

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. बटाट्याच्या डोळ्याएवढा तो दिवा मला ठाऊकच नव्हता. फोटो निघण्याआधी आठ-दहा सेकंद तो लागत असणार.

“आणि तो लागला की तुम्ही उठता?”

“मग? वॉर्डात चौतीस वर्षं काय केलं?” सासूबाई मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. “खाटेवरचा दिवा लागला की जायचं. पोरं झोपलेली असायची, बटण त्यांच्या आयाच दाबायच्या. जाऊन बघावं तर काही नको असायचं. नुसतं, कोणी येतंय का ते बघायचं असायचं. आमची एक सिस्टर ओरडायची त्यांच्यावर. मी नाही ओरडले कधी. घाबरलं माणूस की दाबतं बटण.”

मी पलंगाच्या कडेला बसले. न सांगता चाललं असतं. पण त्यांच्या गुडघ्यावर पिशवीचा लालसर चौकोन उठला होता.

“आई, मी दाबत नव्हते.”

“म्हणजे?”

फाईल, शेवटची ओळ, खिडक्या, सगळं सांगितलं. अर्धे फोटो मी बघतसुद्धा नाही, न बघताच बंद करते, हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. चेहरा ड्यूटीवरचा. मला वाटलं, आता संपलं.

“म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “पेशंट गाढ झोपलेला, आणि बटण उशीखाली दबलेलं.”

“हो.”

“आणि मी धावतेय.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, आवाज न करता, वॉर्डात हसायची सवय असल्यासारख्या. मग पिल्लू हसलं, मग मीही. पिशवी घरंगळून खाली पडली.

“काढ बाई ते उशीखालून,” त्या म्हणाल्या. “आणि स्वतः दाबत जा. दाबलंस तर कळेल तरी, किती घाबरतेस ते.”

सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले, पण मी ती ओळ पुसली नाही. पुसवेना. तिच्या आधी एक खूण टाकली, म्हणजे संगणक ती ओळ वगळून पुढे जातो. खिडकी उघडली. काही आलं नाही. नुसती कर्सरची चौकट लुकलुकत होती. त्या दिवशी मी हाताने सतरा वेळा ‘पिल्लू’ टाइप केलं. सतराही वेळा सासूबाई उभ्या होत्या.

“आता तरी बसून राहायचं ना?” मी घरी येऊन भांडले.

“तू स्वतः दाबलंस ना? मग उठायलाच हवं.”

फ्रिजवर त्यांनी एक कागद लावला होता. वर शीर्षक ‘पेशंट’, खाली नोंदी. सोमवार सतरा. मंगळवार अकरा. बुधवार सहा, त्यापुढे शेरा : ‘प्रकृतीत सुधारणा. जेवण नीट घेत नाही.’ मी म्हटलं, पिल्लू तर वाटी चाटून पुसून खातं. त्यांनी माझा डबा उघडून दाखवला. अर्धा तसाच होता.

गुरुवारी दोन. गुडघ्याचा पट्टा खुंटीवर गेला.

शुक्रवारी डेपोला वेळापत्रक पसंत पडलं. मॅनेजरसाहेबांनी जाताना विचारलं, “नऊ चाळीसची कशी आहे?” मी म्हटलं, नियमित आहे. एक वाजता मी डबा उघडला आणि त्या दिवसातलं पहिलं ‘पिल्लू’ टाइप केलं. आठ-दहा सेकंद थांबले.

फोटोत खुर्ची भरलेली होती. सासूबाई बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर, पिल्लू मांडीवर उभं. दोघींची तोंडं खिडकीकडे. बाहेर काय होतं कोण जाणे. पिल्लूचा हात तिकडे लांब झाला होता.

दिवा लागला होता. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी फाईल उघडली, शेवटची ओळ पुसली आणि डबा संपवला.