शब्द देण्याआधी

१९६५ साली कुवेतमधल्या रियाज मुकादमांच्या घरी एकच विषय चालू होता, तो म्हणजे नूरीचं कॉलेज. रियाज मूळचे हर्णैचे. इथे बंदरावर एका जहाज एजंटाकडे कारकून होते. पगार बरा होता, पण घरभाडं, धाकट्या हारूनची शाळा आणि गावी आईचं औषधपाणी, सगळं त्यातच भागवायचं होतं.

नूरी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला औषधशास्त्र शिकायचं होतं. बैरूतच्या एका कॉलेजने कळवलं होतं, की नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तर उत्तर लवकर मिळेल. मात्र जागा मिळाली की तिथेच यायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अर्जात विचारलं होतं, फीसाठी मदत हवी आहे का? रियाजनी ‘नाही’ लिहून सही केली. गावच्या बागेतली आंब्याची कलमं विकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. घरात कुणाला बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी नूरीच्या शिक्षिका सुगराबाई तो अर्ज घेऊन घरी आल्या.

“रियाजभाई, शाळेचा शिक्का मारण्याआधी विचारते. चार वर्षांचा खर्च झेपेल तुम्हाला?”

“अल्लाहच्या मेहेरबानीनं होईल सगळं. मी कुणापुढे हात पसरणार नाही. कुवेतला राहून मुलीसाठी खैरात मागतो, असं गावात कळलं तर?”

“मग निदान आत्ताच शब्द देऊ नका,” सुगराबाई शांतपणे म्हणाल्या. “एकदा बांधून घेतलंत, की दुसरं कॉलेज काय सवलत देतं ते बघायची सोय राहत नाही. ज्याचा हात मोकळा आहे, त्याने असा शब्द द्यावा. तुमचा आहे का?”

चहा घेऊन आलेली रियाजांची बायको शहरबानू दारातच थांबली होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “आपल्या कोकणी जमातीच्या फंडातून गावचा तो झहूर इंजिनिअरिंग शिकतो. त्या फंडात दर रमजानला तुम्ही पैसे घालता. त्याला कधी भिकारी म्हणालात?”

“त्याला कसं म्हणेन? हुशार पोरगा आहे तो.”

“मग आपली नूरी हुशार नाही?”

रियाजना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी नूरीला हाक मारून जवळ बसवलं आणि घरखर्च, आपली ऐपत, कलमांचा बेत, सगळं तिच्यापुढे मांडलं.

“डॅडी, यू नेव्हर टोल्ड मी,” नूरी म्हणाली. मग मराठीवर आली. “कलमं नको विकू. दादी त्यावरच जगते ना? मी नेहमीच्या मुदतीपर्यंत थांबेन.”

“आणि तोवर बैरूतची जागा गेली तर?”

“गेली तर गेली, अब्बा.”

नूरीने नवा अर्ज नेहमीच्या मुदतीत केला, बैरूतला आणि मुंबईलाही. दोन्हीकडे मदत हवी असल्याचं स्पष्ट लिहिलं. उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरं आली. बैरूतने जागा दिली, पण फीमध्ये सूट अगदी थोडी. मुंबईच्या कॉलेजने फी माफ केली आणि वसतिगृहात खोलीही दिली. बैरूत सुटलं म्हणून नूरी रडली. शहरबानूने तिला रडू दिलं. मग नूरीने स्वतःच मुंबईला होकार कळवला.

ती शिकली, औषधशास्त्राची पदवीधर झाली. कलमं हर्णैत जागेवरच राहिली. पुढे जमातीच्या बैठकीत रियाज उभे राहून म्हणाले, “माझ्या मुलीचं शिक्षण फी माफीवर झालं. मला त्याचा अभिमान आहे.” त्यानंतर दोन-तीन बाप त्यांना बाजूला घेऊन हळूच चौकशी करू लागले.

वाचकहो, मुलांची स्वप्नं आपल्याला प्रिय असतात, म्हणून आपण घाईने शब्द देतो आणि आपली अडचण झाकून ठेवतो. तसं करू नका. कुठल्याही कॉलेजला बांधील होण्याआधी मदत किती मिळेल ते विचारा आणि दुसरीकडे काय मिळतं तेही पाहा. आपली खरी ऐपत मुलांना सांगा. गुणी मुलासाठी शिष्यवृत्ती मागण्यात कमीपणा नाही. खोट्या मानापायी मुलाला शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावं लागलं, तर त्याचं दुःख फार मोठं असतं.