पातेल्यावरचं नाव

चेन्नईत एग्मोरला तंजावरी मराठी मंडळाच्या माडीवर संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा कमलिनीनं आजीचं पितळी पातेलं दिलं. आजी, सुंदरी, तंजावरहून मद्रासेत आलेली आणि लग्नाकार्यांचा स्वयंपाक करणारी. मोठ्या लग्नात चार आचाऱ्यांची भांडी एकमेकांत मिसळत, म्हणून तिनं पातेल्याच्या गळ्याखाली छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी तमिळ अक्षरांत नाव ठोकून घेतलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. बोट फिरवून ती आपलं पातेलं ओळखी.

२००६ च्या ऑगस्टात, उद्घाटनाला आठवडा असताना, कमलिनी माडीवर गेली. पातेलं आरशासारखं चकाकत होतं. गळ्याखालून बोट सुळकन घसरलं. शेजारी पाटी होती: 'राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील पातेले.'

"मामा, नाव कुठं गेलं?"

मंडळाचे अध्यक्ष प्रतापसिंह, सगळ्यांचेच मामा, खुर्चीतून हलले नाहीत. "ते ओरखडे होय? पॉलिशवाल्याला म्हटलं, घासून काढ. कसं झक्क दिसतंय बघ!"

"हे राजवाड्यातलं नाही. माझ्या आजीचं आहे."

"अगे, इथले लोक विचारतात, तुम्ही कोण, कुठनं आलात. राजाची माणसं म्हटलं की मान राहतो. स्वयंपाकिणीचं भांडं बघायला कोण येणार गे?"

"तुमच्या लग्नाचा भात यातच शिजला. सहाशे पान उठलं होतं."

मामांनी पंखा वाढवला. "पाटी राहील. पटत नसेल तर पातेलं घरी ने."

घरी नेलं असतं तर नाव पातेल्यावरून गेलं होतंच, संग्रहालयातूनही गेलं असतं. कमलिनी शहराबाहेर आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं धातू तपासत होती. ठोकलेलं अक्षर वरून घासलं तरी खालचा धातू दबलेलाच राहतो आणि आम्ल त्याला निराळं ओळखतं, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "शाळेच्या मुली येतील तेव्हा मला दहा मिनिटं द्या."

"घे की. सायन्स तू सांग, राजा मी सांगतो."

उद्घाटनाला सातवीच्या चाळीस मुली आल्या. मामांचा राजा अर्धा तास चालला. मग कमलिनीनं हातमोजे चढवले, आम्लाच्या तपकिरी द्रावणाची बाटली उघडली आणि तमिळमध्ये बजावलं, "कुणी हात लावायचा नाही." कापसाचा बोळा बुडवून ती गळ्याखाली फिरवू लागली.

दोन मिनिटं काहीच झालं नाही.

"झालं का सायन्स?" मामा हसले. "लाडू वाटायचे राहिलेत."

तिनं वर पाहिलं नाही. बोळा बदलला आणि पुन्हा फिरवत राहिली. तिसऱ्या मिनिटाला एक काळसर ठिपका उमटला. त्याला लागून दुसरा.

पुढे बसलेली एक मुलगी उठून उभीच राहिली. "अक्का, अक्षर!"

मग सगळ्या एका सुरात वाचू लागल्या. "सुं... द... री!"

"राणी होती का?"

"नाही. स्वयंपाकीण. माझी आजी."

"मग पाटीवर राजवाडा का लिहिलाय?"

कमलिनीनं मामांकडे पाहिलं. "चांगला प्रश्न आहे. वहीत लिहून घ्या."

चाळीस वह्या उघडल्या.

मामा जवळ आले, दबक्या आवाजात म्हणाले, "उद्या परत घासून घेतो."

"घ्या. खोल गेलंय, मामा. पुरतं काढायचं तर पातेल्याला भोक पडेल. आणि माझी बाटली अजून अर्धी आहे."

तिनं पातेलं पाण्यानं धुतलं, पुसलं, कोरडं केलं. पुढे बसलेली ती मुलगी अजून तिथंच होती.

"आता हात लावू?"

"लाव."

मुलीनं नावावरून बोट फिरवलं. "काहीच लागत नाही, अक्का."

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग लिही."