आदल्या दिवसाची तारीख

बबलूला बोलावलं असतं तर काम तासाभरात उरकलं असतं, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. कुंभार पिंपळगावात मोबाइलपासून मोटारपंपापर्यंत सगळं तोच दुरुस्त करतो. पण सिराजोद्दीन सरांना जाऊन महिना होत आला होता आणि त्यांच्या पत्नी रहिमुन्निसा इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून सरांचा मुलगा अतिक आपली काळीपिवळी जीप थेट दीपमालाच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात घेऊन आला.

"मॅडम, चला. अब्बूचा मेल अडकलाय."

"जीप अडकल्यासारखं बोलताय अतिकभाई."

"जीप बरी. खाली उतरून धक्का तरी मारता येतो. ह्याला कुठून मारायचा?"

दीपमाला हसली, पण पर्स उचलून लगेच निघाली. सरांनी तिला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ती पुढे फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली ते त्यांच्यामुळेच, असं तिचे वडील अजून सांगतात.

सरांच्या घराचं अंगण संपलं की उघडं रान आणि रानाच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल असा, त्यांचा पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला ते नरसाळं काढत, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतत आणि आकडा पुण्याच्या एका संशोधन संस्थेला कळवत. पाऊस नसेल तर शून्य कळवायचं, पण कळवायचंच. निकाहच्या सकाळीही ते शेरवानीवर तिथे वाकले होते, हे गावात अजून चेष्टेने सांगतात. आधी पोस्टकार्ड होतं, मग मेल आला. दोन्हींत कधी खंड पडला नव्हता.

आता मात्र मेलचा प्रोग्राम एकच वाक्य म्हणत होता: सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.

"दुसऱ्या फोनवरून पाठवला तर?" दीपमालाने विचारलं.

"तिथं यंत्र वाचतंय म्हणे. ह्याच पत्त्यावरून आला तरच घेतंय," अतिक म्हणाला. "आन् पासवर्ड अब्बूसंगं गेला. हितं नुसते काळे ठिपके. महिनाभराचं मागचं एकदम दिलं तरी चालतं, पण उद्या दुपारी महिना भरतोय. मंग आपलं पाऊस मोजायचं केंद्रच बंद."

आतल्या दारात रहिमुन्निसा उभ्या होत्या. डोक्यावरची ओढणी सारखी करत त्या शांतपणे म्हणाल्या, "ते होते तोवर खंड पडला न्हाई. ते गेल्यावर माझ्या घरातून पडावा?"

दीपमालाने खालून वर सुरुवात केली. वायर बरोबर होती. नेट चालू होतं, दुसरी पानं उघडत होती. संस्थेचा सर्व्हर हाक मारली की ओ देत होता. म्हणजे तो जिवंत होता आणि रस्ताही मोकळा होता. तरी प्रोग्राम त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत होता. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. तारीख महिन्यामागची होती.

"सापडलं!" ती म्हणाली. "चाची, सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते. संस्थेनं ते महिन्याभरापूर्वी नवं केलंय, आणि हा कॉम्प्युटर त्याच्याही आधीच्या तारखेवर बसलाय. त्याच्या हिशेबानं ते ओळखपत्र अजून बनलेलंच नाही. म्हणून तो बोलायलाच तयार नाही."

"भूत समजतोय त्याला," अतिक म्हणाला.

"तसंच."

रहिमुन्निसा हसल्या नाहीत.

आतला घड्याळाचा सेल पार मेलेला होता. दीपमालाने पर्समधला नवा बसवला, तारीख नीट केली, आणि प्रोग्राम पहिल्याच फटक्यात सर्व्हरशी जोडला गेला. पण ती आउटबॉक्स उघडून थबकली. तिथे महिनाभराचे मेल अडकून पडले होते, रोजचा एक, अगदी आजचासुद्धा. प्रत्येकात वेगळा आकडा होता, आणि ज्या दिवशी गावात जोराचा पाऊस झाला तिथे मोठा आकडा होता. तारीख मात्र सगळ्यांवर एकच, कारण प्रोग्राम ती घड्याळावरून आपोआप घालत होता.

"हे कोण मोजतंय?"

"अम्मी म्हणली, शेजारून कोणी येतं. मी तर पहाटेच गाडी काढतो," अतिक म्हणाला.

"होतंय नाप," रहिमुन्निसा म्हणाल्या. "तू मेलचं बघ, बेटा."

एकाच तारखेचे मेल असेच सोडले असते तर यंत्राने शेवटचा ठेवून बाकीचे पुसले असते. एकेकावर खरी तारीख घालणं हे सावकाश बसून करायचं काम होतं, आणि बाहेर अतिकच्या जीपमध्ये शेवटच्या फेरीची माणसं गोळा होऊन ओरडायला लागली होती. दीपमालाने सकाळी लवकर यायचं कबूल केलं.

रात्रभर भुरभुर पाऊस पडला. सकाळी ती अतिकशेजारी बसली तेव्हा मागच्या सीटवर काकासाहेब नावाचे म्हातारे गृहस्थ जांब समर्थला निघाले होते. सरांचं घर जवळ येताच ते म्हणाले, "अतिक, राग मानू नको. पर मास्तर दिसून राह्यले बरं का रानात. परवा धुक्यात म्या पाह्यले. त्योच निळा रेनकोट, वाकून बाटली बघत होते."

"काकासाहेब, चष्मा बदला आता."

"चष्म्याला काय झालं? ह्या बाईबी दिसून राह्यल्या ना मला बराबर?"

जीपमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या एका बाईने हळूच, "मलाबी दिसले," म्हटलं. अतिकने गिअर बदलला. दीपमालाला उतरवून तो तसाच घनसावंगीकडे गेला.

रहिमुन्निसांनी दार उघडलं. घरात सरांच्या अत्तराचा पुसट वास होता. निळा रेनकोट दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होता, आणि दीपमालाने का कोण जाणे जाता जाता त्याला हात लावून पाहिला. कोरडा होता.

तिने कॉम्प्युटर चालू केला. कोपऱ्यातली तारीख परत महिन्यामागे गेली होती.

सेल नवा होता. आणि सेल मेला तरी घड्याळ बोर्डाच्या जन्माच्या तारखेवर जातं, कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीवर. ही ती तारीख नव्हती. काल इथे दिसली तीच ही तारीख होती, आणि आता तिला ती ओळखू आली. त्या दिवशी सर तिच्या क्लासवर चहा पिऊन गेले होते, आणि जाताना, "उद्या येतो, प्रिंटरची शाई बघू," म्हणाले होते. रात्री झोपेत गेले. घड्याळ त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवसावर थांबलं होतं.

"चाची," ती न वळता म्हणाली, "ह्या घरात रात्री कोण होतं?"

"मीच. आणखी कोण असणार?" रहिमुन्निसा स्टूल ओढून शेजारी बसल्या. "तारीख मी फिरवली."

दीपमालाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"जुना सेल बंद पडून बरीच वर्षं झाली. ते रोज सकाळी आधी तारीख घालायचे, मंग रानात जायचे. त्यांना ताप आला की मी करायची. पहिले तारीख, मंग पाणी. बिलकुल तसंच शिकवलं होतं मला." त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. "ते गेले त्या सकाळी घरात माणसंच माणसं. मला कुणी उठूसुद्धा देईना. तरी मी हितं आले, आन् आदल्या दिवसाची तारीख घातली. त्या तारखेला ते हयात आहेत. त्या तारखेला मी इद्दतीत न्हाई. मंग रेनकोट घातला अन् गेले. तेव्हापासून रोज."

"चाची, पण कामापुरतं दिवसा बाहेर जाता येतं ना? मौलवीसाहेबांना विचारलं असतं तर—"

"हो म्हणले असते. मला म्हायती होतं." त्यांची नजर रेनकोटाकडे गेली. "मंग मी बेवा म्हणून गेले असते."

मेल का अडत होता आणि रानात मास्तर का दिसत होते, हे दोन्ही कळलं होतं. दीपमालाने तारीख आजची केली. रहिमुन्निसांनी ती बदलताना पाहिली आणि अडवलं नाही. फक्त ओढणी जरा पुढे ओढून घेतली.

मग दोघी कामाला लागल्या. वरून खाली, एकेका मेलवर खरी तारीख. रहिमुन्निसा आकडा ऐकून सांगत, "हा आषाढीच्या पावसाचा न्हाई, त्याच्या नंतरचा," आणि दीपमाला तो दिवस शोधी. यादीच्या तळाशी कालचा मेल आला. त्याच्या खाली आणखी एक होता.

त्यावर तारीख आजची होती. आकडा सहा पूर्णांक चार मिलिमीटर. खाली एक अक्षर: सि.

"चाची, आज तुम्ही गेला होतात?"

"न्हाई. तू येणार म्हणून थांबले. तारीख पहाटे उठून फिरवून ठेवली होती, तेवढीच." त्यांनी मान पुढे काढून स्क्रीन पाहिला आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "हे माझं न्हाई. मी खाली सही करतच न्हाई. खोटी सही कशी करू?"

आपोआप सही घालायची सोय प्रोग्राममध्ये असते. दीपमालाने पाहिलं, ती बंद होती. शिवाय ती येऊन चालू करेपर्यंत कॉम्प्युटर बंद होता, आणि चालू केला तेव्हा त्याच्या लेखी आजचा दिवस उजाडलेलाच नव्हता. मग आजची तारीख त्याने आणली कुठून?

ती उठून रानात गेली. काळी माती भिजून चिकट झाली होती, पावलागणिक चपलेला गोळा लागत होता. पर्जन्यमापकाचं नरसाळं नीट बसवलेलं होतं. तिने ते काढलं. रात्रभर पाऊस पडूनही बाटली रिकामी होती. मोजून झालं की पाणी ओतून द्यायचं, हा सरांचा नियम. शेजारच्या दगडावर मोजपात्र उपडं ठेवलेलं होतं, आणि त्याच्या कडेला एक थेंब अजून लटकत होता.

तिने मागे वळून पाहिलं. ओल्या मातीत घरापासून इथपर्यंत एकाच जोडीच्या चपलांचे ठसे होते. ते तिचे होते. रस्त्याच्या बाजूची माती गुळगुळीत पडली होती, तिच्यावर चिमणीचं पाऊलसुद्धा नव्हतं.

पळून जावंसं वाटलं. पण डोक्यातला एक कोपरा वर्गात बसल्यासारखा जागेवर होता: पाणी ओतून दिलंय, म्हणजे आज दुसऱ्यांदा मोजता येणार नाही. हा आकडा पाठवला नाही तर आजचा दिवस कोरा जाईल. आणि पाठवायचा तर तो कुणी मोजला हे माहीत नसताना पाठवायचा.

ती अंगणात परतली. वळचणीखाली नाही, अगदी उघड्यावर, सरळ काठाचं एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं रात्रीपासून राहून गेलं होतं. तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि पाण्यात उभी धरली. खात्रीसाठी परत एकदा धरली. सहा मिलिमीटरच्या जरा वर.

"आकडा खरा आहे," ती आत येऊन म्हणाली. "कुणाचा ते मला सांगता येत नाही. पण खरा आहे."

"मंग तोबी जाऊ दे," रहिमुन्निसा म्हणाल्या.

"चाची, बटण तुम्ही दाबा."

रहिमुन्निसांनी बोट पुढे केलं, क्षणभर कोपऱ्यातल्या आजच्या तारखेकडे पाहिलं आणि बटण दाबलं. सर्व्हरने ओळखपत्र दाखवलं, कॉम्प्युटरने मानलं. यादी वरून खाली रिकामी होत गेली, आणि शेवटी सि. लिहिलेला मेलही गेला.

रहिमुन्निसा उठल्या. खिळ्यावरचा रेनकोट काढून त्यांनी त्याची घडी घातली, ती छातीशी धरली आणि खिडकीशी गेल्या. समोर रानात कुणीच नव्हतं.

"उद्यापासून अतिक नापेल," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "गाडी उशिरा काढ म्हणते त्याला. मी बसते आता इद्दतीत." मग त्या आपल्या घरच्या बोलीत, जेवायला बोलवावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम भी बस करो जी अब. सुन्ते क्या?"

टेबलावर कॉम्प्युटरची घंटी वाजली.

ती संस्थेच्या यंत्राची पोच होती. नोंद मिळाली की ते आपोआप पोच पाठवतं. दीपमालाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि पोच समोर स्क्रीनवर दिसतही होती.

रहिमुन्निसांनी मान हलवली. "सुने," त्या म्हणाल्या, आणि पेटीत रेनकोट ठेवायला आत गेल्या.

दीपमालाने त्यांना काही सांगितलं नाही.