भामा मावशींची खोली

करंजाड्यात आमची इमारत सातव्या मजल्यापर्यंत पूर्ण झाली होती, फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. प्रत्यक्षात तिथे एक खड्डा होता आणि खड्ड्यात एक म्हैस.

गिऱ्हाइकाने सेल्स ऑफिसातल्या हिरव्या पडद्यापुढे उभं राहायचं. मी तो हिरवा रंग तिथल्या तिथे पुसून मागे फ्लॅट लावायचा. समोरच्या टीव्हीवर माणूस स्वतःच्या न झालेल्या हॉलमध्ये फिरताना दिसायचा. २०१८ साली पनवेलमध्ये ही नवलाई होती, पण नवलाई बघून लोक घरी जात होते.

"विनोद, आज बुकिंग नाही झालं तर या जागेवर कॉफी मशीन," बिल्डर धर्मराज शेठ म्हणाले.

माझं नाव इनॉक आहे. पण नोकरी जात असताना नाव कोण दुरुस्त करतं?

आज उरणकडचं कोळी कुटुंब आलं होतं. मिथुन बंदरात कामाला. त्याला आणि त्याच्या बायकोला, रियाला, फ्लॅट पसंत होता. "आये हो बोलली की सही करतो," एवढंच त्याचं म्हणणं. आये म्हणजे भामा मावशी. त्या आत आल्या, हिरवं लुगडं नेसून, हातभर हिरव्या बांगड्या घालून. हिरवं ते सगळं पुसलं जाणार होतं; मी मनातल्या मनात खुर्ची कॉफी मशीनला देऊन टाकली.

टीव्हीवर हॉल आला. हॉलमध्ये मिथुन, रिया, मिथुनचे वडील महादेवकाका, आणि मावशींचं डोकं. डोक्याखाली सोफा. जरा लांब दोन पंजे.

"यो काय?" डोक्याने विचारलं.

रियाला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात घातलं.

"बराबर दाखवलंय," मावशी म्हणाल्या. "तोंड हाय हाका मारायला, हात हायेत पोरं सांबालायला. बाकीची म्हातारी कशाला पायजे तुमाला?"

"आई, असं कोण म्हणालं?" रिया म्हणाली.

"मशीन म्हणतंय."

मी घाईघाईने रंग कमीजास्त केला. मावशी आल्या, पण पडदाही आला आणि हॉल गेला. पुन्हा हॉल आणला, मावशी गेल्या. शेठ घड्याळाकडे बघत होते.

"मावशी, लुगड्यावरून शाल घेता? आणि बांगड्या तेवढ्या जरा काढल्यात तर..."

इतका वेळ सोफा न्याहाळणारे महादेवकाका वळले.

"पोरा, मी हाय ना अजून?"

"हो काका."

"टीवीवर दिसतो ना?"

"एकदम स्पष्ट."

"मंग हिला बांगड्या कशाला काढायला लावतोस?"

"विनोद!" शेठ ओरडले. तोपर्यंत मलाही ते नाव पटलं होतं.

आता पडदा बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऑफिसात दुसरं कापड नव्हतं, पण काकांच्या टेम्पोवर निळी ताडपत्री होती. ती बोंबलांच्या वासासकट आत आली. भिंतीवर टांगली, जमिनीवर पसरली, आणि मी कॉम्प्युटरला सांगितलं, आता हिरवं सोड, निळं पुस.

मावशी अख्ख्या आल्या. बांगडीन् बांगडी आली. त्यांनी हात हलवून खात्री केली.

मिथुन मात्र जीन्स घालून आला होता. टीव्हीवर त्याचा शर्ट तरंगत होता आणि बऱ्याच खाली दोन पांढरे बूट.

"लगीन झाल्यापासून येवढाच उरलाय," मावशी म्हणाल्या. या वेळी रिया मोकळेपणी हसली. शेठही हसले. मी खुर्चीला टेकणार, इतक्यात मावशींनी विचारलं, "माजी खोली कंची?"

फ्लॅट एका बेडरूमचा होता. मिथुन टीव्हीवर आपले पाय शोधू लागला.

"आये, हॉल मोठा हाय ना."

"हॉलात टीवी असतो. मी काय टीवी हाय?"

शेठ माझ्या कानाशी आले. "दाखव."

"काय?"

"खोली!"

मी बेडरूमची नक्कल केली आणि भिंतीपलीकडे ढकलून दिली. दार, खिडकी, पलंग. मावशी आत गेल्या. इथे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या, तिथे पलंगावर. खिडकीच्या बाजूला हात करून हळूच म्हणाल्या, "हितं माजा आरसा." मग मिथुनला म्हणाल्या, "कर सही."

मिथुनने पेन उघडलं. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती खोली इमारतीच्या बाहेर होती. आरसा कुठे लागणार हे मला माहीत होतं: हवेत.

मी खोली पुसली.

मावशी सातव्या मजल्याच्या उंचीवर अधांतरी बसलेल्या दिसू लागल्या. लांबवर पळस्प्याचा रस्ता, खाली खड्डा. जमिनीसाठी मी खड्ड्याचाच फोटो वापरला होता.

"खोली कुठं गेली?"

"नाहीये, मावशी. मी आत्ता बनवली होती."

त्यांनी टीव्हीत खाली वाकून बघितलं आणि पाय वर घेतले. "म्हस कुनाची?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"चला," मावशी उठल्या. काकांनी ताडपत्री ओढून काढली. टीव्हीतून बाहेर पडताच मिथुनचे पाय परत आले आणि थेट आईच्या मागे चालू लागले. शेठ वाकून माझ्या कॉम्प्युटरचा प्लग उपटायला बघत होते.

दारातून रिया मागे वळली. "दोन बेडरूमचा आहे का? खरा?"

"मंजूर नकाशात आहे," मी म्हणालो.

"मग रविवारी येतो. आई याच बांगड्या घालून येतील."

"मला इचारलंस का गं?" बाहेरून आवाज आला.

"विचारते ना, टेम्पोत!"

शेठनी प्लग सोडला. गुडघे झटकले.

"विनोद, निळा पडदा शिवून घे," ते म्हणाले. "आणि त्या मुलाला फोन करून सांग, रविवारी जीन्स नको."