धुराड्याचे आठ फूट

हवेतला कार्बन डायऑक्साइड गाळून काढणारं यंत्र माझ्या दादाने बनवलं. तो इंजिनियर, मी फिटर. डोकं त्याचं, हात माझे आणि तोंडही माझंच, असं वहिनी म्हणते. दोन वर्षं आम्ही एका शेडमध्ये एकच पंखा चालवला. पंखा हवा ओढायचा, गाळणीच्या पट्ट्या वायू धरून ठेवायच्या, मग बॉयलरची वाफ सोडून तो टाकीत भरायचा. दिवसाला शंभर किलो! त्याच आकड्यावर वरच्या लोकांनी चाळीस पंख्यांचा कारखाना उभा केला.

चाळीस पंख्यांनी चार हजार धरायला हवे होते. चौदा महिने झाले, काटा बावीसशेच्या वर सरकत नव्हता. वरच्यांनी शेवटचा महिना दिला होता. आकडा आला नाही तर कारखाना बंद, आणि पुन्हा असा कोणी बांधणार नाही. दादा वेडापिसा झाला. पट्ट्या बनवणाऱ्या मॅडमवर त्याने सगळा राग काढला. "माल तोच आहे हो, शेडमधलाच," त्या सांगत राहिल्या. त्यांना काढून टाकलं. मीही जाता जाता दोन शब्द जास्तच सुनावले. माझ्या जिभेला हाड नाही, काय करू!

एका शुक्रवारी मी जुन्या शेडमध्ये एक बेअरिंग शोधायला गेलो. पंख्याच्या तोंडावरची जाळी पुसली तर फडकं काळंकुट्ट. आता हवा ओढणाऱ्या यंत्राला एवढी काजळी कुठून? वर पाहिलं आणि माझं धाबंच दणाणलं.

बॉयलरचं धुराडं. वाऱ्यात ते दिवसभर खडखडायचं, अगदी डोक्यात जायचं. यंत्र सुरू झालं त्याच आठवड्यात माझं डोकं सटकलं. दादा मीटिंगला गेला होता. मी कटर घेतला, वरचे आठ फूट उडवले, टोपी बसवली, काम फत्ते. वहीत नोंद? एवढ्याशा कामाची कसली डोंबलाची नोंद! तेव्हापासून धूर खाली उतरून थेट पंख्याच्या तोंडात जात होता. धुरात तोच वायू ठासून भरलेला, आणि हवेतला वायू मोजायचा मीटर होता लांब गेटवर. दोन वर्षं आमचं यंत्र आपलाच धूर धरत होतं आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटत होतो.

दोन दिवस गप्प बसलो. तिकडे दादा रोज पट्ट्या उपसून हाताने धूत होता, बोटांची सालं निघाली होती त्याच्या. शेवटी रविवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. कापलेला पाइप मीच त्याच्या परसात रोवला होता, वहिनीच्या कपड्यांच्या दोरीसाठी.

"दादा, हा पाइप कुठला, माहीत आहे?"

"भंगारातला. तूच आणलास की."

"शेडच्या धुराड्याचा आहे. मी कापला होता, पहिल्याच आठवड्यात."

वाटलं, कानाखाली काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. तो आत जाऊन टेप घेऊन आला, ओली चादर बाजूला सारून पाइप मोजला. "जमिनीत किती आहे?" "दोन फूट." मग पायरीवर बसून त्याने कागदावर मांडणी केली. वारा, धूर, पंख्याची उंची. वहिनीने आणलेला चहा तसाच निवला. शेवटी त्याने एका आकड्याखाली रेघ मारली. एका पंख्याचे खरे पंचावन्न किलो. म्हणजे चाळिसांचे बावीसशे.

"कारखान्यात काहीच बिघडलेलं नाही, तिथलं धुराडं पूर्ण उंच आहे," तो म्हणाला. "तो एवढंच करू शकतो. शंभर कधी नव्हतेच."

"मग सुधारू ना! मॅडमना परत बोलावू."

"उरलेल्या दिवसांत दुप्पट होत नाही. माफी मागायला लाव फोन."

मी लावून त्याच्या हातात दिला. मॅडमचा आवाज आला. त्याने फोन परत माझ्या हातात दिला.

"मॅडम, माल चांगला होता. चूक माझी होती," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "कारखाना वाचेल ना आता?"

"नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दादा पाइपकडे बघत होता. "अठरा दिवस उरले होते रे," तो म्हणाला. "अठरा दिवस मला वाटत राहिलं असतं, उद्या आकडा येईल. तेवढे तरी राहू द्यायचे होतेस."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. तो रडला नाही. त्याने उठून चादर पुन्हा दोरीवर नीट पसरली.