बेकारी भत्त्याच्या रांगेतला थर्मास

मी एक थर्मास बोलतोय. बाहेरून स्टील, आतून स्टील आणि दोन्हींच्या मधे चक्क काही नाही. त्या 'काही नाही'च्या जोरावरच माझं सगळं चालतं. मधे हवा शिरली की माझी किंमत साध्या डब्याएवढी.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. पत्रा वाकवला, जोडला, घासून चकचकीत केला आणि खोक्यात घातला, एवढंच. खरी जाग आली ती दुकानाच्या फळीवर. एका संध्याकाळी एक बाई आल्या. त्यांनी बूच काढून आत नाक घातलं, मला कानाशी धरून हलवलं आणि दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की मला माझीच लाज वाटायला लागली. त्यांच्या नवऱ्याची रात्रपाळी सुरू होणार होती आणि बाहेरचा चहा नवऱ्याला सोसत नव्हता. अशी मला मालकीण मिळाली आणि तिच्याबरोबर मालक.

मालक साबणाच्या कारखान्यात फिटर होते. वड्या कापणारी, त्यांवर छाप मारणारी, कागदात गुंडाळणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. एखादं यंत्र कुरकुरलं की ते त्याला कान लावून उभे राहत, डॉक्टर छातीला लावतात तसे. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदच. शब्द जणू पदरचे खर्च होतात. कारखान्यात त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. घरी परतले की अंगाला साबणाचा घमघमाट. मालकीण लॉन्ड्रीत इस्त्री करतात, त्यांना वासांची पारख. त्या म्हणायच्या, "दमलेला माणूस इतका सुगंधी असला तर त्याची कीव तरी कशी करायची?"

वर्षं मजेत गेली. चहाच्या सुट्टीत मी उघडायचो आणि चारपाच हात पुढे यायचे. त्यांत एक हात कधी नसायचा. तो टाइम ऑफिसातल्या बाईंचा. कोण किती वाजता आलं, कुणाचा अर्धा दिवस कापायचा, हे सगळं त्या बघत. शिस्तीला अशा कडक की त्यांच्याबरोबर चहा प्यायची कुणाची छाती होत नसे. आमचीही झाली नाही.

मग एका सकाळी आम्ही पाळीला गेलो तर गेटला कुलूप. बाहेर मॅनेजर उभे. कारखाना दुसरीकडे हलवतोय, उद्यापासून कुणी येऊ नका, एवढं सांगून ते गाडीत बसून गेले. माणसं बराच वेळ तिथंच घोटाळत राहिली. मालकांनी कट्ट्यावर बसून मला उघडलं, चहा संपवला, झाकण फडक्यानं पुसलं आणि आम्ही घरी आलो.

"कारखाना बंद झाला," ते म्हणाले. त्या दिवशी तेवढंच.

बेकारी भत्त्यासाठी अर्ज करा, असं मालकीण रोज सांगत. मालक ऐकून न ऐकल्यासारखं करत. सरकारपुढे हात पसरायचा हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. इकडे एकट्या इस्त्रीवर घरभाडंही निघेना. शेवटी मालकीण शांतपणे म्हणाल्या, "दर महिन्याला तुमच्या पगारातून कापून जात होतं ते याचसाठी. इस्त्रीला टाकलेले कपडे लोक परत न्यायला येतात, त्यांना कधी लाज वाटते का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

त्या कार्यालयात खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. टोकाचा माणूस उठला की सगळी ओळ हलायची. मालकांचा नंबर आला. खिडकीवरची मुलगी बोलायला चांगली होती. तिनं संगणकाच्या पडद्यावर पाहून सांगितलं की कारखान्यानं तुमच्या नावापुढे 'स्वतःहून काम सोडलं' असं कळवलंय, आणि स्वतःहून सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. मग तिनं विचारलं, तुम्ही राजीनामा दिला होता का? मालकांनी मान हलवली, नाही म्हणून. पण तिचे डोळे पडद्यावर. ती मान तिला दिसलीच नाही. फेरसुनावणी मागता येते, असं म्हणून तिनं पुढचा नंबर पुकारला.

घरी मालकिणीनं मला धुवायला घेतलं आणि बूच काढताच त्या थांबल्या. चहा काठोकाठ तसाच होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. मालकांनी थोडक्यात सांगितलं.

"मग तोंडानं सांगायचं ना, की नाही दिला म्हणून."

"त्यांच्याकडे लिहून आलंय," मालक म्हणाले. "त्यापुढे माझा शब्द कोण धरतो?"

फेरसुनावणीची तारीख मात्र मालकिणीनंच लॉन्ड्रीतून फोन करून घेतली, आणि त्या सकाळी मला भरताना साखर जरा सढळ हातानं घातली.

त्या दिवशी आमच्या शेजारच्या खुर्चीत कोण असावं? टाइम ऑफिसातल्या बाई. केस तसेच चापूनचोपून, पण पर्सचा पट्टा सारखा बोटाला गुंडाळत होत्या. मालकांना पाहून त्यांनी विचारलं, तुमचंही तेच का? त्यांच्या नावापुढेही तोच शेरा होता. एकही राजीनामा आलेला नाही, आला असता तर माझ्याच टेबलावरून गेला असता, असं त्या म्हणाल्या, पण आवाज कोरडा पडला होता. मालकांनी मला उघडलं, झाकणात चहा ओतला आणि पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"आत माझ्याबरोबर याल का, फिटर?" त्या म्हणाल्या. "एकटीचं म्हणणं कोण मानेल?"

त्यांचा नंबर आधी होता. आत एक वयस्कर अधिकारी बसले होते. त्यांनी बाईंचं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या बाजूनं सांगणारं कुणी आहे का? मी मालकांच्या हातात होतो. त्यांची पकड घट्ट झालेली मला कळली. आता पुन्हा मान हलवतात की काय, असं मला वाटलं.

"साहेब, मी तिथं फिटर होतो," मालक म्हणाले. "या बाईंनी उशिरा येण्याबद्दल माझा अर्धा दिवस कितीदा कापलाय. स्वतः कधी उशिरा आल्या नाहीत. असं माणूस उठून आपणहून नोकरी सोडेल का? मॅनेजरांनी गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सगळ्यांनी ऐकलं. बाई माझ्या मागेच उभ्या होत्या, हातात जेवणाचा डबा होता. राजीनामा देणारी माणसं डबा भरून कामावर येत नाहीत."

इतकं सलग बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला.

"आणि तुमचं काय?"

"माझंही तेच. मी हा थर्मास भरून गेलो होतो."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण चेहरा सैल झाला. कारखान्याला राजीनामे दाखवायला सांगतो, असं ते म्हणाले. कारखान्याकडे दाखवायला काय असणार? दोघांचाही भत्ता मंजूर झाला, मागच्या तारखेपासून.

बाहेर आल्यावर दोघांनी उरलेला चहा वाटून घेतला. "साखर फार आहे," बाई म्हणाल्या, आणि झाकण पुन्हा पुढे केलं.

भत्त्याचे ते महिने आमचे सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू. भाडं वेळेवर जायचं. मालक सकाळी नोकरी शोधायचे आणि दुपारी लॉन्ड्रीतल्या इस्त्र्या दुरुस्त करायचे. पुढे त्यांना एका दवाखान्यात लिफ्ट आणि पंप सांभाळायचं काम लागलं. पगार थोडा कमी, पण झोप पुरी. बाई एका शाळेच्या कार्यालयात आहेत. तिथले शिक्षक हल्ली वेळेवर येतात म्हणे.

दवाखान्यात चहा फुकट मिळतो, म्हणून मी आता मालकिणीबरोबर लॉन्ड्रीत जातो. बूड जरा चेपलंय, बूच दुसरं बसवलंय. गरम वाफेत दिवस बरा जातो.

काल संध्याकाळी शेजारचे रंगारी दाराशी आले. त्यांच्या ठेकेदारानं त्यांना कामावरून काढलंय. अर्ज करावा की नाही, असं चाचरत विचारत होते. तिथं बोलायचं कसं, याचीच त्यांना धास्ती.

"उद्या माझी सुट्टी आहे," मालक म्हणाले. "बरोबर जाऊ. तुम्हाला जड गेलं तर मी बोलेन."

मालकिणीच्या हातातला चमचा थांबला. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागल्या.

तर आत्ता सकाळ आहे, माझ्या पोटात चहा आहे आणि रंगारी खाली उभे आहेत. तुम्हाला एकच सांगणं. तसल्या ओळीत बसायची वेळ आली आणि शेजारी कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर झाकण पुढे करा. मालकिणीनं बूच हातात घेतलंय. ते लागलं की मला बोलता येत नाही. येतो.